नारिंगी मुठीची सुरी

(दुपार. स्वयंपाकघर शांत. ओट्याशी उभ्या असलेल्या बाबांनी सुरी दोन बोटांत लोंबकळती धरली आणि पात्यावर चमच्याने एकच टिचकी मारली. टिंग.)

लेक : बाबा, हळू! आत्ता कुठे डोळा लागलाय भिंगरीचा.

बाबा : श्श. ऐकू दे.

लेक : चमच्याचा आवाज काय ऐकायचाय?

बाबा : चमच्याचा नाही, पात्याचा. आत भेग असती तर भद्द वाजलं असतं. हे स्वच्छ वाजलं. पण नुसता गळा चांगला म्हणून कुणाला कामावर घेत नाहीत. ही मूठ बघ. गाजर खोचल्यासारखी!

लेक : नारिंगी आहे ती.

बाबा : एकतीस वर्षं भट्टीवर काढली. हजारो लालबुंद तापलेल्या पात्यांना पाणी दिलं या हातांनी. असल्या रंगाची मूठ नाही पाहिली. खेळण्यांच्या दुकानात मिळाली का?

लेक : हत्यारांच्याच. सगळ्यात खालच्या फळीवर होती. दुकानदारसुद्धा म्हणाला, ताई, भाजी चिरायची असेल तर ही घ्या, रानात न्यायची तर वरची बघा.

बाबा : शहाणा आहे दुकानदार.

लेक : वरचीला दाते होते, मुठीत होकायंत्र होतं, पाठीवर बाटली उघडायचा आकडा होता.

बाबा : शिट्टी?

लेक : शिट्टीपण होती.

बाबा : मग ती सुरी नाही, सर्कस आहे.

लेक : म्हणूनच ही घेतली. आता खरं सांगा, ही चालेल की नाही? चार वाजेपर्यंत मला ऑफिसात कळवायचंय. आठ माणसांना आठ सुऱ्या. ह्याच, नाहीतर दुसऱ्या.

बाबा : तू कळवायचंस? ते भांडारातले काका ठरवतात ना हे?

लेक : या खेपेला तुकडीची प्रमुख मी आहे बाबा. सामानाच्या यादीवर सही माझी.

बाबा : हं.

लेक : काका म्हणतात, इतकी स्वस्तातली सुरी नेलीत तर लोक हसतील. हसलेच. एकाने विचारलं, मॅडम, हिच्यासोबत पाटी-पेन्सिल पण देतात का?

बाबा : आणि मी पण हसलो तर?

लेक : तर यादी बदलेन. बाकी कुणाच्या हसण्याने बदलणार नाही. तुमच्या बदलेन.

बाबा : मग बस खाली. काम कळल्याशिवाय हत्यार जोखता येत नाही. बारा दिवस रानात झाडं मोजणार तुम्ही. त्यात हिला काय काम?

लेक : सुतळी कापायची. खुंट्यांना टोक काढायचं. वाळक्या फांदीच्या बारीक ढलप्या काढून चूल पेटवायची. पाव कापायचा. कुणाचा पाय वेलीत अडकला तर वेल तोडायची.

बाबा : झाडं तोडायला?

लेक : मोजायला जातोय, तोडायला नाही.

बाबा : डबे फोडणं? दगड उपटणं?

लेक : जो करेल त्याच्याकडून सुरी काढून घेणार.

बाबा : ऐकतील तुझं?

लेक : ऐकावं लागेल.

बाबा : बरं. मिटणारी घेतली नाहीस ते चांगलं केलंस. बिजागरी नाही, म्हणजे मोडायची एक जागा कमी. पाठ सरळ आहे. खिडकीकडे धरून बघितली मी, कुठे पीळ नाही. माझी कानस दे ती. हं. अलगद... बघ, घसरली. कानस चावत नाही, म्हणजे पातं कडक आहे.

लेक : माहीत आहे.

बाबा : काय माहीत आहे? कडक म्हणजे चांगलं, असं नसतं. पाणी जास्त झालं की पातं कडक होतं आणि एक दिवस काही न सांगता ताडकन मोडतं.

लेक : घरात आहे एक तसं.

बाबा : मी अजून मोडलेलो नाही.

लेक : मी पात्याबद्दल बोलतेय.

बाबा : तो जुना पाट सरकव इकडे. फटीत टोक अडकवून वाकवून बघतो.

लेक : तीस वेळा वाकवलंय. सरळ होतं.

बाबा : कुणी वाकवलं?

लेक : मी. गच्चीवर. दुपारी भिंगरी झोपली की जायचे.

बाबा : तू?

लेक : ओल्या लाकडावर उभी ठेवून पाठीवर सोट्याने ठोकली. चाळीस ढलप्या निघाल्या. लगेच कागद कापून बघितला, सरळ कापला. मिठाच्या पाण्यात दिवसभर बुडवली. तांबूस डाग आले, पण राखेने घासून तेलाचं बोट फिरवलं, गेले. मग हाताला साबण चोपडून धरली. सुटली नाही.

बाबा : तरीच! खालच्या काकू विचारत होत्या, वर रोज काय ठोकाठोक चालते. मी सांगितलं, टाकीचं काम काढलंय.

लेक : त्या मला विचारतात, टाकी अजून झाली नाही का.

बाबा : हसू नकोस. नवव्या दिवशी धार गेली, मग?

लेक : प्रत्येकाकडे बोटाएवढा दगड.

बाबा : तो हरवला.

लेक : मग कपाचं बूड. चिनीमातीच्या कपाची खालची कडा खरखरीत असते ना, तिच्यावर दहा-बारा हात मारले की धार येते. करून बघितलंय.

बाबा : माझ्या कपाचं बूड काळं झालंय ते?

लेक : तुमचाच कप सगळ्यात जाड आहे.

बाबा : एवढं सगळं केलंस, आणि मुख्य गोष्ट राहिली. पातं मुठीच्या आत किती गेलंय, दिसतंय तुला? स्वस्तात फसवतात ते तिथेच. बाहेर वीतभर पातं, आत नखाएवढी शेपटी. चार दिवस बिनतक्रार चालते. पाचव्या दिवशी जोर लावला की मूठ एका हातात आणि पातं...

लेक : दुसऱ्या तळहातात.

बाबा : हो. तुला कसं माहीत?

लेक : गेल्या वर्षी आमच्या तुकडीतल्या उंच भाऊंचं तसंच झालं.

बाबा : तू तर सांगितलं होतंस, पत्रा लागला म्हणून.

लेक : खरं सांगितलं असतं तर परत पाठवलं असतंत मला? रस्ता तीन तास लांब होता. एवढा सहा फुटी माणूस, पण लहान पोरासारखा माझ्याकडे बघत होता. मी ओढणी घट्ट बांधली आणि त्यांचा हात वर धरून चालत राहिले. ते पुढे, मी मागे, हात माझ्या हातात. सात टाके पडले. आणि काय देखणी मूठ होती हो त्या सुरीची! लाकडी, गुळगुळीत. महागातली.

बाबा : आत?

लेक : माझ्या करंगळीच्या पेराएवढं.

बाबा : भाऊ या खेपेला आहेत?

लेक : आहेत. मी देईन ती सुरी कमरेला लावतील. काही विचारणार नाहीत. तेच तर ओझं आहे.

बाबा : मग हिच्या आत काय आहे, ते कळायला हवं.

लेक : थांबा. पिशवीच्या तळाशी गुंडाळून ठेवलंय... हे घ्या.

बाबा : हे काय? ही... अर्धी मूठ?

लेक : दोन घेतल्या होत्या. एकीची मूठ उभी चिरली.

बाबा : इकडे दे. उजेडात धरू दे. पातं इथून आत शिरलं... एक बोट, दोन, तीन. पाऊण मूठ भरलीय की! आणि शेवटाकडे फार निमुळतंही केलेलं नाही. कशाने चिरलीस?

लेक : तुमच्या करवतीने. तिचं पातं तुटलं. नवीन आणून लावलंय.

बाबा : म्हणून ती इतकी सरळ चालायला लागली! मला वाटलं, या वयात माझा हात सुधारला.

लेक : सांगणार होते.

बाबा : चांगली धडधाकट सुरी मारलीस मात्र.

लेक : घाण्यातलं एक मारायचं, म्हणजे बाकीच्यांचा भरवसा येतो. तुमच्याकडे तसंच करायचे ना? भट्टीतून घाणा निघाला की एक पातं मोडायचं आणि आतला कस बघायचा.

बाबा : हे कुणी शिकवलं तुला?

लेक : कुणी नाही. शाळेतून येताना तुमचा डबा घेऊन यायचे मी. तुमचं होईपर्यंत दाराबाहेरच्या बाकावर बसायचे.

बाबा : मी तर मान वर करून तुझ्याकडे बघायचोही नाही.

लेक : मी बघायचे ना.

भिंगरी : आई, तुम्ही भांडताय?

लेक : उठलीस, राणी? नाही गं. आबा सुरी तपासतायत.

भिंगरी : आबा सुरीचे डॉक्टर आहेत?

बाबा : हो. जीभ दाखव म्हटलं तर हिने पातं दाखवलं. तिथेच थांब. फरशीची ती रेघ दिसते? तिच्या अलीकडे यायचं नाही.

भिंगरी : मी रेघेवर उभी राहू?

बाबा : रेघेच्या मागे. रेघ माझी आहे.

भिंगरी : आबा, रंग मी शोधलाय.

बाबा : म्हणजे?

लेक : दुकानात हिरवीपण होती. रानात शोभेल असं आधी वाटलं. मग बागेत पाचोळ्यात एक हिरवी पट्टी टाकली, एक नारिंगी, आणि हिला शोधायला लावलं. नारिंगी दहा मोजायच्या आत सापडली.

बाबा : हिरवी?

भिंगरी : हिरवी मुंग्यांनी नेली.

बाबा : बरोबर. मुंग्यांना नेता येणार नाही असाच रंग हवा. माझ्या लक्षात नाही आलं हे. म्यान बघू. तळाला भोक आहे?

लेक : नव्हतं. दाभण तापवून पाडलं. नाहीतर पाणी साचून पातं गंजलं असतं.

बाबा : सुरी आत घाल. दाबून बसव. आता उलटं धरून मी हलवतो. झुडपाखालून रांगताना माणूस हलतो, तसं. भिंगरी, मोज.

भिंगरी : एक, दोन, तीन, चार, सहा...

बाबा : पाच कुठे गेले?

भिंगरी : पाच, सहा, सात... पडली! आबा, पडली!

बाबा : रेघेच्या मागे! हं. ठेव.

लेक : बाबा...

बाबा : ठेव म्हणालो. बाजूला ठेव ती.

लेक : ओली आहे म्हणून पडली. मघाशी धुतली मी. कोरडी असली की नाही पडत.

बाबा : आणि रानात तिला टॉवेल घेऊन कोण पुसत बसणार? वाकून जाताना निसटली, मागून येणाऱ्याने पाय दिला, की झालं. गेल्या वर्षी हात, यंदा पाय?

लेक : हे मी बघितलंच नाही. इतकं सगळं बघितलं, आणि हे नाही बघितलं.

बाबा : मग आता बघ. साडेतीन होतायत.

लेक : बदलू यादी?

बाबा : मला काय विचारतेस? सही कुणाची आहे?

लेक : थांबा जरा. बोलू नका माझ्याशी... सायकलची जुनी ट्यूब होती ना कपाटात?

भिंगरी : माझ्याकडे आहे! माझ्या टोपलीत. मी तिचा साप केलाय.

लेक : सापाची शेपटी देशील मला? थोडीशीच.

भिंगरी : दुखेल त्याला.

लेक : अगदी टोकाला नाही दुखत. नखं कापताना दुखतं का?

भिंगरी : मग घे. पण डोक्याकडचं नको, तिथे तो विचार करतो.

लेक : नाही घेत. आण पळत... हे बघा बाबा. एवढी एक कडी कापली. म्यानाच्या गळ्यात अडकवली. सुरी आत गेली की कडी मुठीच्या ओठावरून अशी ओढायची. काढताना अंगठ्याने सारली की मोकळी.

बाबा : एका हाताने निघते?

लेक : निघाली. दुसऱ्या हातात मोजपट्टी असते आमच्या, एकाच हाताने काढावी लागते.

बाबा : नळाखाली धर. चांगली भिजव. साबण पण लाव. आता दे इकडे. मोजा बाईसाहेब.

भिंगरी : एक, दोन, तीन, चार, पाच...

बाबा : शाबास, पाच परत आले.

भिंगरी : मध्ये बोलू नका ना! सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. आबा, पुढचे मला येत नाहीत.

बाबा : पुढचे लागणारही नाहीत. जाऊ दे.

लेक : काय?

बाबा : जाऊ दे, म्हणतो.

लेक : जाऊ दे काय बाबा! दोन आठवडे जीव काढला मी. एकवीस वेळा हलवली, पडली का? पसंत नसेल तर सरळ नाही म्हणा, कारण सांगा, मी ऐकून घेईन. पण जाऊ दे नका म्हणू. लहानपणापासून हेच. शाळेत धावण्यात पहिली आले, धापा टाकत तुम्हाला सांगायला आले. जाऊ दे. शेवटच्या परीक्षेचा निकाल दाखवला. जाऊ दे. नोकरीचं पत्र आलं, चष्मा लावून तीनदा वाचलंत, घडी घालून माझ्या हातात दिलंत आणि काय म्हणालात? जाऊ दे!

बाबा : हो. म्हणालो.

लेक : हो काय?

बाबा : अगं, ठेव म्हणजे ठेव आणि जाऊ दे म्हणजे जाऊ दे.

लेक : म्हणजे काय पण?

बाबा : भट्टीवर इतका आवाज असायचा, की लांबलचक बोलायची सोयच नव्हती. पातं हातात आलं की बघायचो. खोट दिसली की म्हणायचं, ठेव. ते बाजूला पडायचं, परत भट्टीत जायला. खोट नसली की म्हणायचं, जाऊ दे. ते पुढे जायचं. मूठ लागायची, लोकांच्या हातात जायचं. एकतीस वर्षं तिथे मी हे दोनच शब्द बोललो. जिभेला दुसरं वळणच राहिलं नाही.

लेक : म्हणजे... पास?

बाबा : पासच्याही पुढचं. मी बघितलंय, आता खुशाल कुणीही बघा, असं. दिवसाकाठी किती वेळा ठेव म्हणायचो आणि किती वेळा जाऊ दे, ते विचार तिथल्या जुन्या लोकांना. पण तू बसायचीस ना दाराशी? सगळं उचललंस आणि एवढंच कसं राहिलं?

लेक : बाकावर भट्टीचाच आवाज यायचा. तुम्ही दिसायचात बाबा. ऐकू नाही यायचात.

बाबा : मग इतकी वर्षं तुला काय वाटलं?

लेक : सगळ्या जगाला वाटतं ते. सोड, त्यात काय एवढं.

बाबा : नोकरीच्या पत्राला पण?

लेक : गच्चीवर जाऊन रडले होते मी.

बाबा : आणि मी खाली सगळ्यांना सांगत होतो, पोरगी आनंदाने गच्चीवर पळाली.

लेक : तुम्ही सांगितलंत? शेजाऱ्यांना?

बाबा : पत्र तोंडपाठ होतं मला. दूध टाकणाऱ्यालाही म्हणून दाखवलं. तुला सोडून सगळ्यांना सांगितलं.

भिंगरी : आबा, आई रडतेय.

लेक : नाही गं. साबण गेला डोळ्यात.

भिंगरी : साबण तर सुरीला लावला.

बाबा : पावणेचार झाले. फोन कर.

लेक : हो... हॅलो, काका? हो, मीच. यादी नक्की झाली. आठ. हो, त्याच. नारिंगी. हसू द्या त्यांना. आणि लिहून घ्या, सायकलच्या ट्यूबचा हातभर तुकडा. ट्यूब. नाही, चुकून नाही म्हणाले, आल्यावर दाखवते. तपासली ना! कुणी म्हणजे?

बाबा : सांग, एकतीस वर्षांच्या भट्टीवाल्याने.

लेक : मी तपासली, काका. सही माझी आहे... ठेवते.

बाबा : माझं नाव का नाही घेतलंस?

लेक : राग आला?

बाबा : छे. तसंच करायला हवं होतं. मीही कधी माझ्या साहेबाचं नाव नाही घेतलं. रेघ ओलांडली तरी चालेल आता भिंगरी, म्यानात आहे ती. ये.

भिंगरी : आई, तू परवा जाणार?

लेक : परवा सकाळी. बारा दिवस. वेणी तुझा बाबा घालेल, शाळेतून आबा आणतील. ठरलंय ना आपलं?

भिंगरी : ठरलंय. बाबा वेणी तिरकी घालतो.

लेक : तिरकीपण छान दिसते.

बाबा : तुला माहीत आहे का गं, तिथे आई सगळ्यांची प्रमुख आहे. सात मोठमोठी माणसं तिचं ऐकणार.

भिंगरी : आबांपेक्षा मोठी?

बाबा : उंच भाऊ तर आपल्या दाराएवढे. दारातून येताना वाकतात.

भिंगरी : ते आईला काय म्हणतात?

लेक : ते ताई म्हणतात. बाकीचे मॅडम.

भिंगरी : आणि आई?

लेक : आई नाही म्हणत कुणी.

भिंगरी : एकदापण नाही?

बाबा : तिथे काम असतं ना सोन्या तिला.

भिंगरी : पण मी तर इथे असणार. मग बारा दिवस तिथे तुला आई कोण म्हणणार?